तार शोधू नका, खांब शोधा : छोटी विमानं आणि विजेच्या लाईनी

उंचसखल | सोम, ०६/०३/२०२३ - ०८:४०

परवा शनिवारी माझा विमान शिकण्याचा अकरावा धडा होता. अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या धावपट्टीवरून निघालो, गाव मागे टाकून शेतांवर आलो आणि अडीच हजार फुटांवर विमान सरळ केलं. शिक्षकांनी थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मागे ओढलं आणि म्हणाले, "इंजिन गेलं. कुठे उतरतोस?" हा सराव प्रत्येकालाच करावा लागतो. मी वारा बघितला, लांब आणि सपाट शेत निवडलं, वेग पासष्ट नॉटच्या आसपास धरला, दोन वळणं घेतली आणि शेताच्या बरोबर समोर आलो. जमलं असं वाटत होतं. सहाशे फुटांवर त्यांनी विचारलं, "तारा कुठे आहेत?" मी म्हटलं, "इथे तारा नाहीत." त्यांनी थ्रॉटल पुढे ढकललं, विमान वर घेतलं आणि बोटाने दाखवलं. शेताच्या अलीकडच्या बांधावर तीन लाकडी खांब होते. रस्त्याकडून गोठ्याकडे गेलेली साधी लाईन, मी ज्या वाटेने खाली येत होतो तिला आडवी. तार तर मला त्यांनी दाखवल्यावरही दिसली नाही. खांब तेवढे दिसले.

ही धास्ती मनात आधीपासून होती. २७ नोव्हेंबर २०२२ ला, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी, आम्ही गेदर्सबर्गला घरी होतो. बाहेर धुकं. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास दिवे गेले. थोड्या वेळात फोनवर बातमी आली की न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्सहून येणारं एक छोटं विमान उच्चदाबाच्या टॉवरमध्ये अडकलंय. मूनी एम-२०-जे, एकाच इंजिनाचं. आमच्या इथली धावपट्टी तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर. सुमारे शंभर फुटांवर नाक खुपसून लटकलेलं ते विमान, आत दोन माणसं, दोघंही शुद्धीवर आणि खालच्या लोकांशी फोनवर बोलत होती. त्यांना खाली आणेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. जवळपास सात तास! आधी लाईन बंद करायची, मग टॉवरवर चढून अर्थिंग करायचं, म्हणजे तारा जमिनीला जोडायच्या, मग विमान खाली घसरू नये म्हणून ते टॉवरला बांधायचं, आणि एवढं झाल्यावरच कुणी दाराला हात लावणार. लाखाच्या आसपास घरं अंधारात होती, दुसऱ्या दिवशी इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

प्राथमिक अहवालात दिसतं की धुक्यात उपकरणांवर उतरताना प्रत्येक टप्प्याला जी किमान उंची आखून दिलेली असते, तिच्या खाली विमान येत गेलं. म्हणजे टॉवर जागचा हलला नव्हता, विमान जिथे असायला नको तिथे होतं. हे समजतं. पण माझ्या शनिवारच्या तीन खांबांचं काय? तिथे ना धुकं होतं ना रात्र. लख्ख ऊन होतं, डोळे चांगले आहेत, मी बघतही होतो.

भारतात तर जानेवारीतच मध्य प्रदेशात रीवाला शिकाऊ विमान धुक्यात मंदिराच्या कळसाला आणि विजेच्या तारांना लागून पडलं, एक वैमानिक गेला. इथे वीज खात्यातली, सैन्यातली, उडणारी बरीच मंडळी आहेत. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तार का दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीपासून सांभाळायचं कसं.

---

कामशेतवारा | सोम, ०६/०३/२०२३ - ०९:१५

फार महत्त्वाचा धागा. आम्ही पॅराग्लायडरवाले उतरायची जागा आधी पायी फिरून बघतो ते याचसाठी. नवीन जागी गेलो की गावातल्या माणसाला पहिला प्रश्न, "लाईट कुठून आलीय?" विहिरीवर मोटार असेल तर तिथपर्यंत लाईन आहेच, वरून दिसो न दिसो. सविस्तर रात्री लिहितो.

---

टॉवरवाले काका | सोम, ०६/०३/२०२३ - १३:०५

वीज पारेषणात, म्हणजे उच्चदाबाच्या लाईनींच्या कामात, ३४ वर्षं काढली, निम्मी टॉवरवर आणि निम्मी खालून टॉवरकडे बघत. आता कराडला असतो. विमानातलं मला कळत नाही, पण तारेबद्दल सांगू शकतो.

आमच्याकडे कंडक्टरना, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारांना, प्राण्यांची नावं आहेत. गावातल्या ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, लाईनवर वीझल किंवा रॅबिट असतो. वीझल पावणेआठ मिलिमीटर जाड, रॅबिट दहा. ३३ केव्हीला डॉग, चौदा मिलिमीटर. १३२ ला पँथर, एकवीस. २२० ला झेब्रा, साडेअठ्ठावीस. ४०० ला मूस, बत्तीसच्या आसपास. म्हणजे महाराष्ट्रभर पसरलेली सगळ्यात जाड तार घेतली तरी ती तुमच्या अंगठ्यापेक्षा फार जाड नाही. आणि शेताशेतांतून फिरणारी जी आहे ती करंगळीपेक्षा बारीक. नवी असताना ॲल्युमिनियम चमकतं, चार पावसाळे गेले की राखाडी होतं. मग ढगाळ आभाळात आणि वाळलेल्या रानात ती मिसळून जाते.

आता जे सांगतो ते प्रत्येक उडणाऱ्याने लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. उच्चदाबाच्या टॉवरवर अगदी वर, टोकाला, अजून एक तार असते. तिला अर्थवायर म्हणतात. वीज पडली तर ती कंडक्टरवर न पडता तिच्यावर पडावी म्हणून ती सगळ्यात उंच ठेवतात. ती पोलादी असते, सात धाग्यांची, जाडी साडेनऊ मिलिमीटर. म्हणजे खालच्या झेब्राच्या एक तृतीयांश. ज्याला खालचे जाड कंडक्टर दिसले आणि जो "यांच्यावरून जातो" म्हणून थोडा वर गेला, तो नेमका अर्थवायरच्या उंचीवर येतो. दिसणाऱ्या तारेच्या वर न दिसणारी तार आहे असंच समजा. टॉवरच्या टोकाच्याही वरून जा.

दुसरं, झोळ. दोन टॉवरांमध्ये साडेतीनशे मीटर अंतर असेल तर तार मध्ये कित्येक मीटर खाली येते. उन्हाळ्याच्या दुपारी आणि लोड जास्त असताना अजून खाली. आणि डोंगरात उलटा प्रकार. कोयनेला पोफळीकडून सह्याद्री चढणाऱ्या लाईनी बघा. एक टॉवर या सोंडेवर, दुसरा त्या सोंडेवर, मध्ये दरी. दरीतून उडणाऱ्याला डावीकडे उजवीकडे झाडीत लपलेले दोन टॉवर दिसले नाहीत तर डोक्यावर, समोर, काय आहे याचा पत्ताच नाही.

तुम्हाला दिसलेले तीन खांब ही टॅपिंगची लाईन असणार. मुख्य लाईन रस्त्याने जाते, ती सगळ्यांना माहीत असते. तिच्यातून काटकोनात एखादी शाखा घराकडे, विहिरीकडे, मोबाईलच्या टॉवरकडे निघते. कुणाला कनेक्शन मिळालं की महिन्याभरात नवे खांब उभे राहतात.

---

दृष्टिपटल | सोम, ०६/०३/२०२३ - २२:३०

डोंबिवलीत डोळे तपासण्याचा व्यवसाय आहे. उंचसखल यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या बाजूने.

चांगल्या डोळ्याला साधारण एक कलेचा कोन, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखता येतो. काकांचा पँथर, दोन सेंटिमीटर जाड, हा कोन सुमारे सत्तर मीटरवर करतो. तुम्ही पासष्ट नॉटने, म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटरने येत होता. सत्तर मीटर म्हणजे दोन सेकंद. त्यात दिसणं, कळणं, हात हलणं आणि विमानाने ऐकणं हे सगळं बसवायचं. बारीक वीझलसाठी तर हे अंतर तीस मीटरच्या आतच.

पण हा हिशोब अर्धाच आहे. स्वच्छ आभाळावर काळी तार याहून फार लांबूनही दिसते, कारण लांबच लांब सरळ रेघ ओळखण्यात डोळा असाधारण तयार असतो. खिडकीतून बघा, गल्लीपलीकडची केबल दिसेल. त्यावरूनच आपल्याला वाटतं की तारा दिसतात. खालून बघणाऱ्याच्या मागे आभाळ असतं. वरून बघणाऱ्याच्या मागे नांगरट, गवत, झाडी, रस्ता. तिथे फरक उरत नाही आणि तार नाहीशी होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटते. तार दिसली तरी ती किती लांब आहे हे डोळे सांगू शकत नाहीत. दोन डोळे एकच वस्तू थोडी वेगळ्या जागी बघतात, त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. पण डोळ्यांच्या ओळीला समांतर अशी आडवी, एकसारखी तार दोन्ही डोळ्यांना अगदी सारखीच दिसते. तिच्यावर गाठ नाही, डाग नाही, की ज्याची जागा दोन डोळ्यांत वेगळी पडेल. ती पन्नास मीटरवर आहे की दोनशे, हे मेंदूला कळायला मार्गच नाही. खांब उभा असतो. त्याचं अंतर कळतं. म्हणून तुमच्या शिक्षकांनी खांब दाखवले, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. तारेवर बसवलेल्या रंगीत गोळ्याचा उपयोगही हाच. गोळा नुसता तार आहे एवढंच सांगत नाही, ती किती लांब आहे हेही सांगतो.

---

उंचसखल | मंगळ, ०७/०३/२०२३ - ०७:५०

@दृष्टिपटल, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज सकाळी घराबाहेरच्या तारेकडे डोकं एका बाजूला कलतं करून बघितलं. मान तिरकी केली की अंतराचा अंदाज थोडा येतो, सरळ केली की जातो. अगदी खरं आहे.

---

अनुची आई | मंगळ, ०७/०३/२०२३ - ११:२०

मी अमरावतीची. माझी मुलगी गोंदियाला विमान शिकते, सत्तर तास झालेत. एकटी उडते. हा धागा वाचून काल रात्री तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतात." मला एवढंच विचारायचं आहे की धावपट्टीजवळ तरी तारा नसाव्यात असा नियम आहे ना? आणि असेल तर अलीगढला उतरताना विमान तारेत अडकलं, तसं कसं होतं?

---

टॉवरवाले काका | मंगळ, ०७/०३/२०२३ - १२:४५

ताई, नियम आहेत. विमानतळाच्या आसपास किती उंच बांधकाम चालेल याची आखणी असते, विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो, आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या रेषेत तर फारच कडक असतं. आमच्या ओव्हरहेड लाईनच्या भारतीय मानकातही, आयएस ५६१३ मध्ये, विमानतळाजवळच्या लाईनला गोळे लावण्याची तरतूद आहे. मी स्वतः अशा कामावर होतो.

अलीगढची गोष्ट २७ ऑगस्ट २०१९ ची. दिल्लीहून गेलेलं किंग एअर विमान धनीपूरच्या धावपट्टीवर उतरताना तारेत अडकलं, पडलं आणि पेटलं. आतले सहाही जण बाहेर पडले हे नशीब. किंग एअर म्हणजे दोन इंजिनांचं, चांगलं मजबूत विमान. चाकं खाली आलेली, वेग कमी, धावपट्टी समोर, अशा वेळी वैमानिकाचं सगळं लक्ष धावपट्टीवर असतं.

पण ताई, मोठा प्रश्न धावपट्टीजवळचा नाही. आमच्या सुरक्षा नियमांत तारेची उंची खालून मोजलेली आहे. मोकळ्या रानात ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून निदान ४.६ मीटर, ३३ केव्हीची ५.२, रस्ता ओलांडताना ६.१. पुढे व्होल्टेज वाढेल तशी उंची वाढते, ४०० केव्हीला पावणेनऊ मीटरच्या वर. हे सगळे आकडे बैलगाडी, उसाची गाडी, ट्रॅक्टर, हातात लांब पाईप घेतलेला माणूस यांना डोळ्यासमोर ठेवून आले. खालचा माणूस सुरक्षित राहावा म्हणून. वरून कुणी येईल हा विचार रानातल्या लाईनला लागू होत नाही, आणि खरं सांगायचं तर तीन दशकं नोकरी करताना मीही कधी केला नव्हता. या धाग्यामुळे पहिल्यांदा केला.

---

सरळमार्ग | मंगळ, ०७/०३/२०२३ - १४:१०

मग सगळ्या तारा जमिनीखाली का घालत नाहीत? पुण्यात होतं, मुंबईत होतं. पक्षीही वाचतील. निदान सगळ्या तारांना गोळे तरी लावा.

---

टॉवरवाले काका | मंगळ, ०७/०३/२०२३ - १७:३०

शहरात ११ केव्ही जमिनीखाली जाते, जायलाच हवी. पण ४०० केव्हीची केबल शंभर किलोमीटर पुरायची तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. शिवाय एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेची, केबल लांब गेली की ती स्वतःच विजेने भरत आणि रिकामी होत राहते, तिची बरीच ताकद त्यातच जाते. आणि आपल्याकडे एक फूट खणलं की काळा पत्थर. बिघाड झाला तर वर डोळ्यांनी दिसतो, खाली शोधायला दिवस जातात.

गोळे कुठे लावायचे यावर माझं मत ठाम आहे. दरी ओलांडणाऱ्या, नदी ओलांडणाऱ्या, हेलिपॅड आणि धावपट्टीजवळच्या लाईनला लावलेच पाहिजेत, आणि रंग उडालेले बदललेही पाहिजेत. अमेरिकेत मोठ्या ओलांडणीवर छत्तीस इंची गोळे साधारण दोनशे फुटांवर एक असे लावतात, नारिंगी, पांढरा, पिवळा आलटून पालटून. पण प्रत्येक गोळा वारा धरतो, वजन टाकतो, लाईनची ताकद आधीपासून त्या हिशोबाने ठेवावी लागते. ११ केव्हीच्या लाखो किलोमीटरला ते होणार नाही. म्हणजे इंजिन बंद पडल्यावर जी तार आडवी येणार, तिच्यावर गोळा नसणारच, हे धरूनच उडा.

एक कळकळीची सूचना. हे वाचून कुणी आपल्या रानातल्या तारेवर फडकं, बाटली, झेंडा असलं काही बांधायला जाऊ नका. जीव जाईल.

---

फिरता पंखा | मंगळ, ०७/०३/२०२३ - २१:५५

सैन्यात हेलिकॉप्टर उडवत होतो, आता निवृत्त, बेळगावला असतो. काकांनी जे खालून सांगितलं ते आम्ही वरून शिकलो, आणि काही जण शिकायच्या आत गेले. त्यांची नावं इथे लिहीत नाही.

आमचा पहिला नियम: तार ओलांडायची तर टॉवरच्या डोक्यावरून ओलांडायची, दोन टॉवरांच्या मधून नाही. टॉवर दिसतो, त्याची उंची कळते, आणि टॉवरपेक्षा उंच तार असूच शकत नाही. काकांची अर्थवायरसुद्धा टॉवरलाच बांधलेली असते.

दुसरा: खांबावरचे आडवे हात बघायचे. आडवा हात ज्या दिशेला आहे त्याच्या काटकोनात तार जाते. एकाच खांबावर दोन दिशांना हात असतील तर तिथून शाखा फुटली आहे. पुढचा खांब दिसत नसला तरी तो आहे. चिनी मातीचे किंवा काचेचे इन्सुलेटर उन्हात चमकतात, बरेचदा आधी तेच दिसतात. खांबाला जमिनीकडे तिरका ताण दिलेला असेल तर तो ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला तार ओढतेय. जंगलातून सरळ कापलेली पट्टी दिसली तर तिच्यात लाईन आहे असंच समजायचं.

तिसरा: कुठेही उतरण्याआधी उंचावरून एक फेरी, मग थोडं खालून दुसरी, आणि दोघांनी मोठ्याने बोलायचं. "उजवीकडे तीन खांब, पूर्व-पश्चिम." दुसऱ्याने ते परत म्हणायचं. मनात ठेवलेली तार विसरते.

हेलिकॉप्टरच्या कपाळावर आणि पोटाखाली तार कापणारी कात्री बसवतात, मध्ये काचेवर एक उभी पट्टी असते, ती तारेला वर किंवा खाली कात्रीकडे सरकवते. कॅनडात विनिपेगच्या ब्रिस्टल एरोस्पेसने ही बनवली. त्यामुळे जीव वाचलेत. पण तार समोरून, जवळपास सरळ, पुरेशा वेगात लागली तरच ती कामाची. पंख्याला किंवा शेपटीला लागली तर काही उपयोग नाही. कात्री आहे म्हणून कुणी खाली येऊ नये.

---

मांजराकाठ | मंगळ, ०७/०३/२०२३ - २३:१५

लातूरचा आहे म्हणून लिहितो. २५ मे २०१७ ला निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं, तारांना लागलं आणि वस्तीजवळ पडलं. सगळे बचावले. टीव्हीवर चित्र सगळ्यांनी बघितलंय. पण आमच्या भागात मे महिन्याची दुपार काय असते ते टीव्हीवर दिसत नाही. हवा तापून पातळ झालेली, धुळीचा लोट, त्यात यंत्र जड. फिरता पंखा साहेब, अशा हवेत हेलिकॉप्टरला उचल कमी मिळते ना?

---

फिरता पंखा | बुध, ०८/०३/२०२३ - ०६:४०

हो. गरम हवेत इंजिनही दमतं आणि पंख्यालाही कमी हवा मिळते. म्हणूनच तात्पुरतं हेलिपॅड निवडताना फक्त "मैदान केवढं" हे बघून चालत नाही. उडाल्यावर यंत्र कमी चढलं तर ते कुठल्या वाटेने बाहेर पडेल आणि त्या वाटेवर तारा आहेत का, हे बघावं लागतं. शाळेची मैदानं, बाजारतळ इथे चारही बाजूंना खांब असतात. निवडणुकीच्या दिवसांत तर एका दिवसात चार-पाच सभा. ज्यांच्या हातात ही तयारी असते त्या तलाठी-ग्रामसेवकांपासून सगळ्यांना माझी विनंती आहे, की खांबांचा साधा हाताने काढलेला नकाशा वैमानिकाला आदल्या दिवशी द्या.

---

रिव्हरिना | बुध, ०८/०३/२०२३ - १०:०५

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये शेतीवर औषध फवारणाऱ्या विमानांच्या कंपनीत जमिनीवरचं काम करतो. आमची विमानं पिकाच्या तीन-चार मीटर वरून जातात, म्हणजे तारेच्या खालून किंवा अगदी वरून. त्यांच्या चाकांच्या दांड्यांवर आणि काचेसमोर तार कापायची पाती असतात, आणि कॉकपिटच्या माथ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक पोलादी दोर ताणलेला असतो, म्हणजे वर सरकलेली तार शेपटीत न अडकता त्यावरून निसटते.

मला सांगायचंय ते वेगळं. इथल्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोने २००१ ते २०१० मधल्या तारेच्या अपघातांचा अभ्यास केला. शेतीच्या विमानांपैकी ६३ टक्के अपघातांत वैमानिकाला ती तार आधी माहीत होती! काहींनी ती त्याच दिवशी चार वेळा ओलांडली होती. पाचव्या वेळी लक्ष नोझलकडे गेलं, वाऱ्याकडे गेलं, फोन आला, शेवटचा राहिलेला कोपरा उरकायचा होता. दृष्टिपटल यांचं सगळं बरोबर आहे, पण नुसतं दिसण्या-न दिसण्याचं हे नाही. माहीत असलेली तार डोक्यातून जाते.

म्हणून आमच्याकडे कामाच्या मध्येच काही बदललं, दिशा बदलली, शेत बदललं, की वैमानिक वर चढतो, एक फेरी मारून सगळ्या तारा परत मोजतो आणि मगच खाली येतो. पाच मिनिटं जातात. जाऊ देतात.

---

ऊसकरी | बुध, ०८/०३/२०२३ - २०:४५

वाळव्याचा आहे. विमानाचं आम्हाला काही नाही, पण ड्रोनचं आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या उसावर फवारणीला भाड्याने ड्रोन आणला. ऊस आठ फूट, बांधावरून मोटारीची लाईन. पोरगं चांगलं शिकलेलं, पण बांधाच्या या टोकाला उभं. ड्रोन पलीकडच्या टोकाला वळताना तारेला घासला, एक तार तुटून उसात पडली. माझा भाऊ ड्रोन आणायला निघाला होता. शेजारच्या म्हाताऱ्या आण्णांनी हाक मारून थांबवला. तारेत करंट होता का नव्हता ते आजही माहीत नाही. पण तो थांबला म्हणून आज आहे, असं आमची आई अजून म्हणते.

काका, अशा वेळी नक्की काय करायचं? विमान असो का ड्रोन.

---

टॉवरवाले काका | बुध, ०८/०३/२०२३ - २२:२०

तुमच्या आण्णांना माझा नमस्कार सांगा.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की तार तुटली, दिवे गेले, म्हणजे लाईन मेली. तसं नसतं. फांदी घासून गेली, पक्षी लागला, अशा क्षणिक कारणांनी लाईन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, म्हणून ती परत चालू करून बघायची पद्धत आहे. मोठ्या लाईनवर हे यंत्र आपोआप सेकंदाभरात करतं. ११ केव्हीवर सबस्टेशनचा ऑपरेटर काही मिनिटांनी ट्रायल घेतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनातून निघालेल्या लाईनच्या, शेवटच्या टोकाला कुणाचं विमान किंवा ड्रोन तारेत आहे? म्हणून पहिलं काम फोन. वीज तक्रारीचा १९१२ लावा, आणि गावातल्या वायरमनचा, जवळच्या सबस्टेशनचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. सांगताना एवढंच ठासून सांगा: "माणूस अडकलाय, ट्रायल घेऊ नका."

दुसरं, तुटलेल्या तारेपासून आणि तिला लागलेल्या कुठल्याही धातूपासून दहा मीटर लांब. जमिनीतूनही करंट पसरतो. जवळच्या पायाखाली व्होल्टेज जास्त, लांबच्या पायाखाली कमी, आणि मध्ये तुमचं शरीर. तिथे सापडलातच तर दोन्ही पाय जुळवून, पाऊल न उचलता, घासत घासत बाहेर या. ओल्या उसात तर हे जास्तच.

विमानात किंवा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाने आग लागली नसेल तर आतच बसायचं. आत बसलेल्याला सहसा काही होत नाही, कारण तो आणि विमान एकाच व्होल्टेजवर असतात. तो एक पाय बाहेर टाकून जमिनीला टेकवतो तेव्हा मरतो. गेदर्सबर्गची ती दोन माणसं थंडीत सात तास बसून राहिली ते बरोबर केलं. आग लागलीच तर दोन्ही पाय एकत्र ठेवून, विमानाला हात न लावता उडी, आणि मग घासत लांब. लाईन खरी मेली असं मी तेव्हाच मानायचो जेव्हा लाईन बंद असल्याचं परमिट हातात आलं, उरलीसुरली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावला आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग टाकलं. त्याआधी नाही.

---

कामशेतवारा | गुरु, ०९/०३/२०२३ - २३:४०

उशिरा लिहितोय. बलूनचा उल्लेख राहिला, तो व्हायला हवा. ७ जानेवारी २०१२ ला न्यूझीलंडमध्ये कार्टरटनला गरम हवेचा फुगा तारांवर गेला, अकराही जण गेले. ३० जुलै २०१६ ला टेक्ससमध्ये लॉकहार्टजवळ तेच, सोळा. फुग्याला सुकाणू नाही, वारा नेईल तिकडे. आम्हाला वळता तरी येतं. आम्हाला शिकवतात की उतरताना तार समोर आली तर तिच्यावरून जायचा मोह धरू नका, आधीच वळा, झाडात गेलात तरी चालेल. फांदीत अडकलेला माणूस संध्याकाळी घरी चहा पितो.

---

अनुची आई | शुक्र, १०/०३/२०२३ - ०९:३०

फिरता पंखा यांचा आणि रिव्हरिना यांचा प्रतिसाद मुलीला पाठवला. ती आणि तिच्या खोलीतली मैत्रीण आता सरावाला जाताना तारा मोठ्याने म्हणतात, एकट्या असल्या तरी. तिने मला फोनवर म्हणून दाखवलं. "दक्षिणेला चार खांब, तळ्याच्या कडेने, शेवटचा पिंपळामागे." मी फोन ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

---

उंचसखल | रवि, १२/०३/२०२३ - ०८:१०

काल बारावा धडा झाला. शिक्षकांनी पुन्हा थ्रॉटल ओढलं. या वेळी शेत निवडायच्या आधी मी कामशेतवारा यांचा प्रश्न स्वतःला विचारला. इथे वीज कुठून येते? डांबरी रस्ता उत्तरेला. त्याच्या कडेने मुख्य लाईन. रस्त्यापासून आत दोन घरं, एक गोठा, एक धान्याची कोठी. चारही ठिकाणी शाखा जाणार. मी रस्त्यापासून लांबचं, थोडं आखूड शेत घेतलं आणि खांब मोठ्याने मोजत खाली आलो. सात झाले.

सहाशे फुटांवर त्यांनी थ्रॉटल पुढे केलं. "चांगलं निवडलंस," म्हणाले. मग वर चढताना विमान थोडं डावीकडे कलतं केलं आणि कोठीमागचा आठवा दाखवला.